तीनशे येनचा रोबो



या पानावर आपण वाड्यांच्या, गणपतीच्या, दिवाळीतल्या किल्ल्यांच्या आठवणी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण सुरुवात किल्ल्यापासूनच करतो. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मातीचा किल्ला व्हायचा, तेव्हा महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे आणि मावळा दरवाज्यातून आत शिरणार नाही एवढा. कुणाला त्याचं काही वाटत नसे. गेल्या वर्षी नातवाने साठवलेल्या पैशांतून एक खोका मागवला. आत जपानी रोबोचं प्लॅस्टिकचं मॉडेल, खोक्यावर 1/144 छापलेलं. "आजोबा, खरा 18 मीटर उंच आहे, म्हणून हा साडेबारा सेंटिमीटर."

"खरा म्हणजे कुठला रे?" म्हणून मी हसलो. पण मग त्या 'खऱ्या'च्या मागे लागलो, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

जपानी टीव्हीवर महाकाय रोबो आधीपासून होते. गो नागाई यांचा 1972 मधला 'माझिंगर झेड' त्यातला गाजलेला. दर आठवड्याला नवा राक्षस यायचा आणि शेवटी रोबो त्याला लोळवायचा. म्हणजे आपल्या पौराणिक सिनेमातला देवच म्हणा ना. त्याची धातूची जड खेळणी जोरात खपायची. अशा मालिकांना पैसा खेळणीवाले पुरवायचे, त्यामुळे शब्दही त्यांचाच चालायचा.

7 एप्रिल 1979 ला 'मोबाईल सूट गंडम' सुरू झाली. सनराइज ही निर्मिती संस्था, योशियुकी तोमिनो दिग्दर्शक, यंत्रांचे आराखडे कुनिओ ओकावारा यांचे. तोमिनोंनी रोबोला देव्हाऱ्यातून काढून थेट रणांगणावर उभं केलं. इथे दारूगोळा संपतो, सुटे भाग लागतात, दुरुस्ती करावी लागते. शत्रूचे हिरवे 'झाकू' रोबो तर कारखान्यातून रणगाड्यांसारखे निघतात. आणि गंडम चालवणारा पोरगा घाबरतो, मला लढायचं नाही म्हणतो.

खेळणी काढणाऱ्या क्लोव्हर कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे चिमुरडी मुलं. मालिकेत जीव रमला तो त्यांच्या मोठ्या भावंडांचा, आणि त्यांना ती भडक खेळणी नको होती. 52 भागांची ठरलेली मालिका 43 भागांत गुंडाळली गेली. जानेवारी 1980 मध्ये खेळ खलास!

पण पुन्हा दाखवली तशी मालिका लोकांनी उचलून धरली. जुलै 1980 मध्ये बंदाई कंपनीने गंडमचं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं. किंमत 300 येन. 1/144 हे प्रमाण विमानांच्या मॉडेलांत आधीपासून रूढ होतं. कधीच नसलेल्या यंत्राला खऱ्या विमानासारखंच मापात बसवलं, आणि मुलांनीही ते खरं यंत्र मानूनच जोडलं. गोंदाने चिकटवायचं, रंग आपला आपण द्यायचा. कुणी चिखलाचे डाग रंगवले, कुणी गोळ्यांच्या खुणा कोरल्या. मजा म्हणजे शत्रूचा झाकूही तितक्याच हौसेने घेतला जाई. 1982 च्या जानेवारीत चिबा प्रांतातल्या एका दुकानात ही मॉडेलं घ्यायला मुलांची झुंबड उडाली, सरकत्या जिन्यावर मुलं एकमेकांवर पडली आणि जखमी झाली. इतकं वेड! पुढच्या वर्षी तर टीव्हीवर कधी न दिसलेल्या रोबोंची मॉडेलंही निघाली. गोष्ट आधी आणि खेळणं मागून, हा क्रमच उलटा झाला.

आता अमेरिकेत चला. 1984 मध्ये शिकागोच्या फासा कंपनीने 'बॅटलड्रॉइड्स' नावाचा टेबलावरचा युद्धखेळ काढला. जॉर्डन वाइसमन हे त्याच्या कर्त्यांपैकी. त्यातल्या रोबोंची रूपं 'डौग्राम', 'मॅक्रॉस' अशा जपानी कृतींमधून, परवाना घेऊन आणलेली. 'ड्रॉइड' शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून पुढच्याच वर्षी खेळाचं नाव 'बॅटलटेक' झालं.

खेळ असा. षटकोनी घरांचा नकाशा, दोन फासे आणि प्रत्येक रोबोमागे एक कागद. कागदावर हात, पाय, छाती यांच्या चिलखताचे बारीक गोल असतात. मार बसला की तेवढे गोल काळे करायचे. सगळ्यात नामी गोष्ट उष्णतेची. शस्त्र चालवलं की रोबो तापतो. फार तापला की चाल मंदावते, नेम चुकतो आणि शेवटी तो जागच्या जागी बंद पडतो. त्यामुळे सगळ्या तोफा एकदम डागायचा मोह आवरावा लागतो. देवाचा असा हिशोब मांडता येत नाही, यंत्राचा येतो. रोबो बिघडू शकतो हे गोष्टीत आधी आलं, म्हणून तो कागदावर आणि फाशांवर उतरला. त्याच सुमारास माइक पाँडस्मिथ यांनी 'मेक्टॉन' काढला. त्यात खेळणारा आपला रोबो स्वतःच आखतो.

या गोष्टीला एक दुखरी बाजूही आहे. फासाने परवाना घेतला होता एका आयातदाराकडून, आणि 'मॅक्रॉस'च्या अमेरिकेतल्या हक्कांवर दावा होता हार्मनी गोल्ड या दुसऱ्याच कंपनीचा. प्रकरण कोर्टात गेलं. 1996 पासून फासाने ती जपानी चित्रं छापणं बंद केलं. रोबोंची नावं राहिली, नियम राहिले, चेहरे मात्र पुसले गेले. खेळाडू त्यांना 'अनसीन' म्हणू लागले, म्हणजे न दिसणारे. बारा वर्षं ज्यांच्याशी खेळलो त्यांचे फोटोच घरातून काढून न्यावेत, तसं झालं असणार. तरी लोक जुने कागद, जुन्या मूर्ती जपून खेळतच राहिले.

आता मॉडेलं बिनगोंदाची निघतात, तुकडे रंगीतच येतात. तरी नातवाने झाकूच्या गुडघ्यावर काळा रंग लावून गंज दाखवला होता. "आजोबा, हा खूप लढलाय." मी या वेळी हसलो नाही.

यंदाच्या किल्ल्यात त्याने झाकूला दरवाज्याशी पहाऱ्याला उभं केलं. महाराज अर्थातच वर, बुरुजापेक्षा उंच. 1/144 चं प्रमाण तिथे मोडलं, पण त्याबद्दल नातू काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

तुमच्या घरी असं कुणी काही जोडत बसलं असेल, तर खाली जरूर लिहा.