सर्व्हरचा पहारेकरी गप्प का बसला? फेलटूबॅन कसे तपासावे

जानेवारी 2023 मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनवणाऱ्या कंपनीवर ब्लॅककॅट टोळीने रॅन्समवेअर हल्ला केल्याच्या बातम्या आल्या. आपली संस्था एवढी मोठी नाही, असे म्हणून आपण निवांत राहतो. पण वस्तीतल्या शाळेच्या किंवा शिष्यवृत्ती ट्रस्टच्या सर्व्हरवर मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. पासवर्डचा अंदाज लावणारे प्रोग्राम लहान-मोठा पाहत नाहीत, ते दिवसरात्र प्रत्येक दार ठोठावतात.

लिनक्सवर या कामाला बहुतेक ठिकाणी फेलटूबॅन ठेवलेले असते. ते मागे बसून लॉग वाचते. एकाच आयपीवरून 10 मिनिटांत 5 चुकीचे प्रयत्न दिसले की फायरवॉलला सांगून तो आयपी 10 मिनिटे बंद करते. हे त्याचे मूळ आकडे आहेत, ते बदलता येतात. पण हा पहारेकरीच बंद पडला तर? आम्ही पुढील क्रमाने तपासतो.

1. सेवा चालू आहे का? सिस्टमसीटीएलने स्थिती पाहा. बंद असेल तर सेटिंगची चाचणी घ्या, चुकीची ओळ तिथेच कळते. आपले बदल मूळ जेल डॉट कॉन्फमध्ये करू नका. जेल डॉट लोकल ही वेगळी फाइल ठेवा, नाहीतर अपडेटमध्ये सगळे पुसले जाण्याची भीती असते.

2. लॉग सापडतो का? डेबियन 12 मध्ये आरसिसलॉग आपोआप येत नाही, म्हणून लॉगिनची जुनी ऑथ डॉट लॉग फाइलच नसते. मग "लॉग फाइल सापडली नाही" म्हणत सेवा सुरूच होत नाही. उपाय सोपा आहे: जेलमध्ये बॅकएंड 'सिस्टमडी' करा आणि त्यासाठीचे पायथन पॅकेज टाका.

3. सेवा चालू, पण कुणीच अडकत नाही? फेलटूबॅन रेजेक्सने फिल्टर त्या लॉगवर चालवून पाहा. जुळणी शून्य आली तर लॉगचा नमुना बदललेला आहे. सर्व्हरचे घड्याळ आणि टाइमझोनही बघा. वेळ चुकली तर ताजे प्रयत्न जुने समजून सोडले जातात.

4. यादीत आयपी आहे, तरी येतोच आहे? बॅन आयपीटेबल्समध्ये जातोय की एनएफटेबल्समध्ये, आणि सर्व्हर प्रत्यक्षात कोणते वापरतो, हे जुळवा. एसएसएचचा पोर्ट बदलला असेल तर जेलमध्येही तोच लिहा.

5. आपलीच माणसे अडकली? मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच आयपी देतात. एकाने पासवर्ड चुकवला की बाकीच्यांचाही फॉर्म उघडत नाही. साइटपुढे प्रॉक्सी असेल तर लॉगमध्ये सगळेच एका आयपीचे दिसतात, म्हणून खरा आयपी लॉगमध्ये येईल असे करा. अडकलेल्याला अनबॅन करा, ऑफिसचा कायमचा आयपी इग्नोरआयपीमध्ये घाला. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला हे राहिले तर एखाद्या मुलीचे वर्ष जाते.

काहीही बदलताना दुसरे लॉगिन उघडे ठेवा. नाहीतर आपणच बाहेर राहू!

आणि कुणी खरोखर आत शिरले असेल तर लॉग पुसू नका. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशी घटना 6 तासांत कळवायची असते आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करा.