दोन कागद, एक पंप

आजची गोष्ट दोन कागदांची आहे. दोन्ही कागद खरे होते आणि दोन्हींवर रीतसर नोंदी होत्या. तरीही 167 माणसं गेली.

6 जुलै 1988. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनपासून साधारण 190 किलोमीटरवर, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म उभा होता. म्हणजे पाण्यात रोवलेल्या लोखंडी पायांवरचा अख्खा कारखानाच. त्या रात्री तिथे 226 माणसं होती.

अशा ठिकाणी काम कसं चालतं, ते आधी सांगतो. तुम्हाला एखादा पंप उघडायचाय. मग पाना उचलून थेट सुरुवात करता येत नाही. आधी परमिट काढायचं. त्यावर काम कुठलं, यंत्र कुठलं, कोण करणार, कधीपर्यंत, सगळं लिहायचं आणि जबाबदार माणसाची सही घ्यायची. काम संपलं की परमिट परत करायचं. अर्धवट राहिलं तर तशी नोंद करून ते स्थगित करायचं. आपल्याकडे मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हाय आहे, 1974 साली तिथे तेल सापडलं. तिथे काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर विचारा, परमिट हा शब्द त्यांच्या बोलण्यात दिवसातून दहादा येतो.

पायपर अल्फावर कंडेन्सेट, म्हणजे वायूतून वेगळं होणारं हलकं तेल, पुढे ढकलणारे दोन पंप होते. ए आणि बी. 6 जुलैला पंप ए देखभालीसाठी बंद ठेवला होता. त्याचं एक परमिट निघालं होतं, पण मुख्य काम सुरूच झालं नव्हतं. त्याच पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला काढला होता, त्याचं दुसरं, वेगळं परमिट. संध्याकाळी सहापर्यंत व्हॉल्व्ह परत बसला नाही. उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे एक लोखंडी झाकण लावून ठेवलं, आणि परमिट स्थगित झालं.

सहाला पाळी बदलली. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीच्या ज्या माणसांना कळायला हवी होती त्यांना कळली नाही. स्थगित परमिटं कंट्रोल रूममध्ये नव्हे, तर सेफ्टी ऑफिसमध्ये ठेवायची पद्धत होती.

रात्री पावणेदहाच्या सुमारास पंप बी बंद पडला. तो काही केल्या चालू होईना. कंडेन्सेट पुढे गेलं नाही तर वीजपुरवठ्यापर्यंत सगळंच अडणार. मग पंप ए आठवला. देखभालीचं परमिट पाहिलं, काम सुरू झालेलं नव्हतं. म्हणजे पंप वापरता येईल. हा तर्क चुकीचा होता का? समोरच्या कागदापुरता अगदी बरोबर होता. दुसरा कागद समोर नव्हता, इतकंच.

पंप चालू करायला घेतला, झाकणाच्या फटीतून कंडेन्सेट बाहेर आलं, आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. प्लॅटफॉर्मचा बराच भाग समुद्रात गेला, त्यामुळे हा क्रम लॉर्ड कलन यांच्या चौकशीने साक्षींवरून जुळवला आणि सर्वांत संभाव्य मानला. पुढे आग भडकण्याची कारणं वेगळी आहेत. आग विझवणारे पंप ऑटोमॅटिकवर नव्हते आणि शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल-वायू येतच राहिला. प्लॅटफॉर्मवरचे 165 जण गेले, शिवाय वाचवायला आलेल्या बोटीवरचे दोघे. 61 वाचले.

मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही, की सप्टेंबर 1987 मध्ये याच प्लॅटफॉर्मवर एका कामगाराचा मृत्यू झाला होता. तेव्हाही परमिट आणि पाळी बदलताना दिली जाणारी माहिती, यांतले दोष समोर आले होते.

आता माझ्यासारखा इंजिनिअर हे वाचतो तेव्हा त्याचा हात लगेच कीबोर्डकडे जातो. एकाच पंपाची दोन परमिटं? डेटाबेसमध्ये दोन्ही एका यंत्राला जोडा, एक उघडं असेल तर दुसरं वापरू देऊ नका. झालं काम! माझंही पहिलं मत हेच होतं. मग मी स्वतः तसं ॲप बनवलं.

शहरापासून लांब, पाइपलाइनवर फिरणाऱ्या लोकांसाठी नोंदवहीच्या जागी मोबाइल ॲप. रेंज नाही, म्हणून नोंदी फोनमध्येच साठायच्या आणि रेंज आली की सर्व्हरवर जायच्या. चाचणीच्या दिवसांत एकाने सकाळी व्हॉल्व्ह उघडा असल्याची नोंद केली, दुसऱ्याने दुपारी तो बंद केल्याची. पहिल्याचा फोन संध्याकाळी रेंजमध्ये आला. मी शेवटी पोचलेली नोंद खरी धरली होती, शेवटी घडलेली नाही. स्क्रीनवर व्हॉल्व्ह उघडा!

पकडलं कुणी? तिथल्या सुपरवायझर काकांनी. ते ॲपबरोबर आपली जुनी वहीही लिहीत होते. त्यावरून मी आदल्याच आठवड्यात त्यांच्याशी हुज्जत घातली होती, की काका, दोन्हीकडे लिहिलंत तर डिजिटल कशाला म्हणायचं? त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “वाच.” नुकसान काही झालं नाही. पण त्या रात्री मी पायपर अल्फाबद्दल वाचायला बसलो ते पहाटेपर्यंत.

कलन अहवाल 1990 साली आला. त्यातल्या 106 शिफारशी सगळ्या स्वीकारल्या गेल्या. परमिटबद्दलचा एक मुद्दा मला फार आवडतो: वेगळं केलेलं यंत्र चुकून चालू होऊ नये म्हणून त्याच्या व्हॉल्व्हला खरंखुरं कुलूप आणि पाटी लावा, आणि हे परमिट पद्धतीचाच भाग करा. म्हणजे कागद कुठेही असो, पंपापाशी गेलेल्या माणसाला कुलूप दिसेल.

पुढे परमिटं कॉम्प्युटरवर आली. एकमेकांत अडकणारी कामं एका पडद्यावर दिसू लागली, हा मोठाच फायदा. त्यासाठी लागणारी साधनंही वेगळी, कारण जिथे ज्वलनशील वायू असू शकतो तिथे ठिणगी पडू न देणारी खास उपकरणंच चालतात, आपला खिशातला फोन नाही. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने 2005 च्या मार्गदर्शिकेत अशा यंत्रणांबद्दल सावध केलं: जागेवर न जाता दुरून परमिट देता येऊ नये, जुनं परमिट न तपासता पुन्हा काढता येऊ नये, कामाच्या जागी लावायला छापील प्रत मिळावी, आणि वीज किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं तर पर्यायी सोय असावी.

ही यादी आता माझ्या टीमच्या बोर्डावर आहे. आमच्या ॲपमध्ये दोन नोंदींचा मेळ बसला नाही तर ॲप स्वतः निकाल देत नाही. दोन्ही नोंदी वेळेसकट लाल रंगात दाखवतं आणि माणसाला जागेवर जाऊन बघायला सांगतं. काकांची वही अजून चालू आहे. आता मी हुज्जत घालत नाही.

तुमच्या घरी कुणी रिगवर, खाणीत किंवा रेल्वेच्या रुळांवर काम करत असेल, तर त्यांना विचारा, पाळी बदलताना तुम्ही पुढच्याला काय सांगता? उत्तर आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!