गौरीचा फेर आणि जपानचे बोन ओदोरी

१/ भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर कोल्हापुरातील स्त्रिया पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यावर जातात, गौरीचे डहाळे कळशीत घेऊन गाणी म्हणत घरी परततात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. गौरीमागून शंकरोबाही येतो. या दिवसांतील रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा, काटवटकणा या खेळांनी जागत आल्या आहेत.

२/ जपानमध्ये उन्हाळ्यात 'बोन' हा पितरांचा सण असतो. पूर्वज काही दिवस घरी येतात, अशी श्रद्धा. 'यागुरा' नावाचा लाकडी मंच उभारून त्याभोवती फेर धरला जातो. तेच बोन ओदोरी. गिफू प्रांतातील गुजो येथे १३ ते १६ ऑगस्ट या रात्री हा नाच पहाटेपर्यंत चालतो.

३/ दोन्हीकडे पाहुणा ठरावीक दिवसांसाठी येतो आणि निरोप घेतो. मात्र तेथे येतात ते पितर. येथे येते ती माहेरवाशीण. आपल्याकडे पितरांचा पंधरवडा त्यानंतर येतो, आणि त्यात नाच नसतो.

४/ खरा फरक इतिहासाच्या साधनांत आहे. एदो काळात तोकुशिमाच्या सरंजामी सत्तेने तेथील आवा ओदोरीवर वारंवार निर्बंध घातले. १८६८ नंतर, मेइजी राजवटीत, अनेक प्रांतांनी बोन ओदोरी असभ्य ठरवून बंद केले. हुकूम कागदावर उतरले, म्हणून नाचाचीही नोंद उरली.

५/ गौरीचा फेर रस्त्यावर नव्हे, अंगणात आणि माजघरात रंगला. त्याचा इतिहास दप्तरापेक्षा ओठांवर राहिला. सासूचा जाच, नणंदेचे टोमणे, न्यायला येणाऱ्या भावाची वाट: एरवी तोंड उघडण्याची मुभा नसलेली सून हे सारे खेळाच्या मिषाने बोलत असे. ही गाणी म्हणजे तिची साक्ष.

६/ ही साक्ष कागदावर आणणाऱ्यांत डॉ. सरोजिनी बाबर अग्रणी. १९२० साली सांगली जिल्ह्यातील बागणी येथे जन्मलेल्या बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत स्त्रीगीते व खेळ संकलित करून प्रसिद्ध केले.

७/ २०२२ मध्ये युनेस्कोने जपानच्या ४१ पारंपरिक नृत्यांना वारसा यादीत स्थान दिले. गुजोचा नाच त्यांत आहे. कोल्हापुरात आता झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा भरतात. त्यांमुळे खेळ टिकतो. परंतु परीक्षकांसमोर सासरचे गाऱ्हाणे कितीसे गायले जाणार? ते अजून ज्यांना पाठ आहे, त्या आजींकडून ऐकून गाव आणि साल यांसह टिपून ठेवावे. उद्याच्या इतिहासकाराला त्याहून जवळचे साधन मिळणार नाही.