यंत्र आणि व्यवस्था

नवें यंत्र आणलें कीं उत्पादन आपोआप वाढतें, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांतही दृढ आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास पाहिला म्हणजे तो अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें.

व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीस झाली, त्याच दिवशीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, जमशेटजी टाटांनीं ही गिरणी सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यांत हिशेब होता; कापूस जवळ पिकत होता आणि आगगाडी दारांत होती. कारभार सोंपविला तो बेझनजी मेहतांवर. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरींतले. गिरणीचा धंदा त्यांस नवा होता. जमशेटजींनीं पाहिली ती त्यांची कर्तबगारी.

त्या काळीं लँकाशायरचे गिरणीवाले म्यूल यंत्रालाच चिकटून होते. म्यूलवर सूत ओढून पिळावें, मग थांबून गुंडाळावें लागे. रिंगची चाती हीं दोन्ही कामें एकदम व अखंड करी. जमशेटजींनीं ती आधीं थोड्या प्रमाणांत चालवून पाहिली आणि मगच तिचा विस्तार केला. परंतु चाती अखंड फिरली तरी तिच्यापुढें मजूर हजर नसेल, तर तिचा वेग व्यर्थच! गैरहजेरी तर फार होती. तेव्हां गिरणींत हवा खेळती ठेवण्याची सोय झाली, बक्षिसें सुरू झालीं. १८८६ मध्यें निवृत्तिवेतनाचा फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळूं लागली. यास केवळ दानधर्म म्हणतां येणार नाहीं; तो कारभाराचाच भाग होता.

ही जुनी कथा झाली, असें कोणी म्हणेल. परंतु २००८ नंतर तारापूर व उंबरगांव येथील कापडाच्या कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग केला. निवडक कारखान्यांस त्यांनीं सल्लागार मोफत दिले. सल्ला साधाच होता : दोषांची नोंद ठेवा, साठ्याची मोजदाद करा, यंत्रांची वेळच्या वेळीं निगा राखा. एका वर्षांत उत्पादकता सुमारें १७ टक्क्यांनीं वाढली. त्याच पाहणींत असेंही आढळलें कीं, मालक खरा अधिकार मुलांस व भावांस देत, परक्यास क्वचितच; त्यामुळें घरांत पुरुष किती, यावर धंद्याचा विस्तार अवलंबून राही.

हें वाचून आम्हांस बेझनजींची आठवण झाली. मुलांस यंत्रशास्त्र शिकविण्यासाठीं आपण वाटेल तो खर्च सोसतों. परक्या पण लायक माणसाच्या हातीं किल्ल्या देण्यास मात्र आपलें मन अजून धजत नाहीं.