गाणं कुणीही लावेल हो...

गेल्या दिवाळीत धुळ्याहून जळगावला टॅक्सीने चाललो होतो. ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये गाणीच गाणी, तरी गाडीत रेडिओ चालू. पारोळा जवळ आलं तशी खरखर वाढली, पण पठ्ठ्या काही बंद करेना. शेवटी म्हटलं, "दादा, मोबाइलवर लावा ना." तर म्हणे, "गाना ते मोबाइलमा बी शेतस, पन बोलाले कोन शे?"

गाणी तर मोबाइलमध्येही आहेत, पण बोलायला कोण आहे? आम्ही आयटीवाले गाणी सुचवणारे प्रोग्रॅम लिहितो आणि या माणसाने एका वाक्यात निकाल लावला! रेडिओवरचा निवेदक लोकांना का आवडतो, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. इतिहासही तेच सांगतो बघा.

1952 साली माहिती-प्रसारण मंत्री झाले आपले मराठी बाळकृष्ण केसकर. त्यांना शास्त्रीय संगीत प्रिय, सिनेमाची गाणी उथळ वाटायची. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी काय केलं? सरळ रेडिओ सिलोनकडे काटा फिरवला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होता विशीतला अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. सयानींनीच सांगितलंय की पहिल्या कार्यक्रमाला 9 हजार पत्रं आली आणि वर्षभरात आकडा आठवड्याला 65 हजारांवर गेला!

आता गाणी काही सयानींनी केलेली नव्हती. मग त्यांचं काय होतं? तर बोलणं. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, पण भाषा एकच, साधी हिंदुस्थानी. अमीन त्यात मदत करायचे. अवघड शब्द टाळायची सवय तिथली. म्हणून गाण्याचा क्रमांक सांगताना ते 'पायदान' म्हणायचे, आणि 'भाइयों'च्या आधी 'बहनों' म्हणायचे. माझे बाबा शाळेत असताना बुधवारी रात्री आठला गावातल्या एका रेडिओभोवती पंधरा-वीस जण बसायचे. प्रत्येकाला वाटायचं, हा माणूस माझ्याशीच बोलतोय.

केसकरांना गाणी कळत होती, सयानींना ऐकणारा कळत होता. आकाशवाणीलाही हे कळलं आणि 1957 मध्ये विविध भारती आली. पुढे आकाशवाणीचं जळगाव केंद्र आलं आणि 963 किलोहर्ट्झवर आपल्या भागातली बोली ऐकू यायला लागली. 2005 च्या धोरणानंतर खासगी एफएम लहान शहरांत पसरलं, जळगावला आलं, पुढे धुळ्यालाही.

गंमत अशी की खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. गाणी तर सगळीकडे तीच. मग उरतं काय? बोलणं! 2011 च्या धोरणाने वीज-पाणी, हवामान, परीक्षा, नोकऱ्या अशी माहिती द्यायला मोकळीक दिली. म्हणजे जळगावच्या आरजेने मे महिन्याच्या उन्हावर, रावेरच्या केळीवर, भरताच्या वांग्यांवर दोन शब्द बोलावेत, पाणी कधी येणार ते सांगावं. त्याला आवाजापेक्षा गाव जास्त माहीत हवं.

पण त्याच धोरणाने एका कंपनीला आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायचीही परवानगी दिली. खर्च वाचतो, हिशेब चोख. आमच्या ऑफिसातही असंच चालतं, एकदा लिहा आणि सगळीकडे चालवा. फक्त मोठ्या शहरात बसलेल्या माणसाला एरंडोल कुठे आहे हे माहीत नसतं. सयानींनाही माहीत नसेल कदाचित, पण ते पत्रं वाचायचे!

असो. एरंडोल आलं, जळगावचं स्टेशन स्वच्छ लागलं. कुणीतरी खणखणीत आवाजात "काय मग जळगावकर!" म्हणालं. आमचा ड्रायव्हर हसला आणि चक्क उत्तर दिलं, "बोल भाऊ."

मोबाइलमधल्या गाण्यांच्या ॲपला असं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय?