अवतार, देह आणि स्थान : लोणारच्या निमित्ताने

संगणकाच्या पडद्यावर माणसाच्या वतीने वावरणाऱ्या प्रतिमेला ‘अवतार’ हे नाव १९८०च्या दशकात ‘हॅबिटॅट’ या अमेरिकन खेळाने दिले आणि नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने ते रूढ केले. शब्द उचलला गेला, त्यामागील तत्त्वचर्चा मागेच राहिली. ती चर्चा मराठी गद्याच्या आरंभीच उपस्थित आहे आणि तिचा एक धागा लोणारपर्यंत जातो, याची पुरेशी दखल डिजिटल काळातील आत्मत्वाविषयी लिहिणाऱ्या समीक्षेने घेतलेली नाही.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील चक्रधरांची ओळख एकपदरी नाही. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव मरण पावतो. त्याच्या देहात चांगदेव राऊळ प्रवेश करतात. उठलेला पुरुष त्याच घरी, त्याच पत्नीसह संसार करतो. पुढे ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंकडून त्याला ‘चक्रधर’ हे नाव मिळते. देह एकाचा, चैतन्य दुसऱ्याचे, नाव तिसऱ्याने दिलेले. श्रद्धेच्या दृष्टीने हा अवतारसिद्धांत होय. संहिता म्हणून वाचताना मात्र ‘मी’ नेमका कोठे वसतो, हाच प्रश्न येथे कथारूपाने उभा राहतो. घरच्यांनी ओळखला तो चेहरा होता. तेवढ्याने ओळख पटते काय?

तेराव्या शतकाच्या मध्यास लोणारला यादव राजा कान्हरदेव चक्रधरांच्या भेटीस येतो. कुळ, पद, संसार मागे टाकलेल्या पुरुषापुढे राजसत्ता उभी राहते, तेव्हा ओळखीची सर्व बाह्य चिन्हे निरुपयोगी ठरलेली असतात. उरते ते सान्निध्य. महानुभावांनी हे सान्निध्य किती जपले, हे स्थानपोथीवरून कळते : स्वामी कोठे राहिले, कोठे बसले याच्या नोंदी तीत दिशा आणि देवळे यांच्या आधाराने येतात. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर ते स्मरणातून पुन्हा उभे केले गेले आणि पाठभेदांना पंथाने ‘वासना’ हे अर्थगर्भ नाव दिले. आठवणाराही संहितेत शिल्लक राहतो, हे त्या शब्दाने मान्य केले आहे. संगणकातील प्रत अशा खुणा सहसा वागवीत नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची ‘शॅडो’ ही मांडणशिल्पांची मालिका (२००६-०७) पाहण्याजोगी आहे. कॅमेरा प्रेक्षकाची छाया टिपतो, ती समोरच्या पडद्यावर पडते. वरून वस्तू येतात आणि त्या छायेला चिकटत जातात. प्रेक्षक हलला तरी त्या सुटत नाहीत. देहाला भार जाणवत नाही, छाया मात्र लदलेली दिसते. खेळातील अवतार मनाजोगता निवडता येतो; येथे निवड प्रेक्षकाच्या हाती नाही आणि त्याने त्या दालनात प्रत्यक्ष उभे राहिल्याविना कलाकृती घडतच नाही. तंत्र नवे असूनही ही कृती ‘स्नो क्रॅश’पेक्षा स्थानपोथीच्या अधिक जवळची वाटते.

जून २०२०मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे रंग पालटल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. टाळेबंदीचे दिवस होते. छायाचित्रे जगभर फिरली, काठावर पोचलेली माणसे थोडी. लीळाचरित्रातील लीळेला साक्षी असतो, आणि बहुधा त्याचे नावही सांगितलेले असते.