हाडांची गलबते

शिडाच्या जहाजाची बारकाव्यांसह लहान प्रतिकृती घडवणे हा आज जगभर जोपासला जाणारा छंद आहे. एकास अठ्ठेचाळीस हे त्यातील जुने व मानाचे प्रमाण. या प्रमाणात सहा फूट उंचीचा खलाशी दीड इंचाचा होतो आणि ट्रफाल्गारच्या लढाईतील नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ची १८६ फुटांची तोफमजली चार फुटांच्याही आत मावते. असे काम वर्षानुवर्षे चालते. प्रथम कणा, मग त्यावर बरगड्या, मग ओलावून वाकवलेल्या पातळ फळ्या, आणि शेवटी डोलकाठ्यांवर चढण्याच्या दोरशिड्यांच्या असंख्य गाठी. या गाठींपाशीच अनेकांचा धीर सुटतो.

या कलेचा इतिहास सांगताना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदलासाठी घडवलेल्या प्रतिकृतींपासून आरंभ करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यही आहे. त्या प्रतिकृती अत्यंत प्रमाणशुद्ध असत. त्यांच्या तळाकडील फळ्या मुद्दाम बसवत नसत, त्यामुळे आतील बरगड्या उघड्या दिसत. नौदलाचा प्रसिद्ध कारभारी सॅम्युअल पीप्स याला तर त्यांचा मोठाच षोक होता. परंतु ही दरबारी कला झाली. साधन, आराखडा व आश्रय यांपैकी काहीही हाताशी नसताना याच कामाला लागलेल्या माणसांची हकिकत निराळी आहे, आणि अधिक विचार करायला लावणारी आहे.

इंग्लंडमधील पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली युद्धकैद्यांची एक विस्तीर्ण छावणी सुरू झाली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात पकडलेल्या सैनिकांना व खलाशांना ठेवण्यासाठीच ती लाकडी बराकींची वसाहत उभारली होती. १८०२ च्या तहानंतर ती रिकामी झाली, पण पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा भडकले. पूर्वीच्या युद्धांत कैद्यांची अदलाबदल होत असे आणि पकडलेला माणूस बहुधा काही काळाने घरी परते. नेपोलियनच्या काळात ही पद्धत जवळजवळ मोडीत निघाली. अधिकाऱ्यांना वचनावर बाहेर राहण्याची सवलत तरी होती; सामान्य खलाशी मात्र कुंपणाआड वर्षामागून वर्षे अडकून पडला. १८०० आणि १८०१ या दोन वर्षांत तेथे साथीच्या तापाने हजाराहून अधिक माणसे दगावली.

अशा जागी हाताला काम नसणे ही दुसरी साथच. कैद्यांना शिध्यात मांस मिळे आणि भटारखान्यात हाडे उरत. ती उकळून, स्वच्छ करून, चिरून त्यांच्या पातळ पट्ट्या केल्या जात. लाकडी गाभ्यावर त्या पट्ट्या फळ्यांप्रमाणे एकाशेजारी एक बसवून बारीक पितळी खिळ्यांनी ठोकत. दोरखंडांसाठी रेशीम किंवा केस वापरीत. कोणी कोरीवकाम करी, कोणी तोफा कातून देई, कोणी दोर बांधी. कारण सक्तीच्या भरतीने सैन्यात ओढलेल्या या माणसांत तऱ्हेतऱ्हेचे कसबी कारागीर होते. काही जहाजांच्या खालून दोऱ्या बाहेर काढलेल्या असत. त्या ओढल्या की साऱ्या तोफा एकदम आत सरकत आणि सोडल्या की पुन्हा बाहेर डोकावत!

छावणीच्या दाराशी बाजार भरे. आसपासचे लोक ही जहाजे, हाडांची खेळणी व गवताच्या काड्यांनी मढवलेल्या पेट्या विकत घेत. मात्र टोप्यांसाठी लागणाऱ्या गवती वेण्या विणून विकण्यास कैद्यांना बंदी होती, कारण त्यावर परिसरातील गरीब कुटुंबांचा चरितार्थ चाले. तेव्हा या कामाला छंद म्हणावे की रोजगार? ज्याला दिवस ढकलायचा आहे आणि चार पैशांचा तंबाखूही हवा आहे, त्याला हा भेद करण्याचे कारण नव्हते.

आजचा काटेकोर छांदिष्ट ही जहाजे तपासू लागला तर त्याला दोष जागोजागी सापडतील. डोलकाठ्या प्रमाणाबाहेर उंच आहेत, तोफा अवास्तव मोठ्या आहेत, जहाजाचा आकारही कित्येकदा पटत नाही. यात नवल नाही. आराखडे नव्हते, होती ती फक्त आठवण. शिवाय गिऱ्हाईक इंग्रज असल्याने फ्रेंच खलाशाच्या हातून घडलेल्या जहाजावर पुष्कळदा शत्रूच्या आरमारातील नाव कोरले जाई. नौकाशास्त्राचा पुरावा म्हणून या प्रतिकृतींवर फारसे विसंबता येत नाही, हे खरे. पण त्यांच्या चुकाच बोलक्या आहेत. ज्या डोलकाठीवर वादळात जीव मुठीत धरून चढावे लागले, ती आठवणीत उंचच राहणार. दरबारी प्रतिकृती जहाज कसे होते ते सांगते. ही सांगते की जहाजावरच्या माणसाच्या मनात काय उरले.

१८१४ मध्ये कैदी मुक्त झाले आणि १८१६ मध्ये छावणी मोडून टाकण्यात आली. तेथे मरण पावलेल्या १७७० जणांच्या स्मरणार्थ १९१४ साली एक स्तंभ उभारला गेला. कैद्यांच्या कामाचा मोठा संग्रह आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहे. हाडांचा रंग आता पिवळसर पडला आहे. जहाजांना नावे आहेत. घडवणाऱ्यांची नावे मात्र बहुतेकांवर नाहीत.